चोविसावा मॉप

आमच्या रुग्णालयात डॉक्टरांना नावं असतात. ती त्यांच्या दारावरच्या पितळी पाटीवर कोरलेली असतात आणि खाली पदव्यांची लांबलचक शेपटी असते. धुलाई विभागातल्या बायकांना नाव नसतं. त्या सगळ्या मावशी. त्यांतल्या एकीला मोठ्या मावशी म्हणायचे, कारण अख्खा विभाग त्यांच्या हाताखाली होता. एकोणतीस वर्षं त्यांनी तिथं काढली. मी शेजारच्याच खोलीत, कापडाच्या भांडारात कारकून होतो. आमच्या दोघांमध्ये एक भिंत होती आणि भिंतीला एक खिडकी. त्या खिडकीतून धुतलेलं, घड्या घातलेलं कापड माझ्याकडे यायचं आणि त्याच्याबरोबर मावशींचं बोलणंही.

धुलाई विभाग काय असतो ते नुसतं पांढऱ्या चादरीवर झोपून कळत नाही. माणूस आडवा मावेल एवढाली चार यंत्रं, कायम ओली फरशी, डोळ्यांत झोंबणारी सोड्याची वाफ, आणि सकाळी साडेसातपासून एकामागून एक येणारे ढकलगाडे. त्यांत वरच्या चार मजल्यांचं रक्त, पू, ओकारी, सगळं चादरीत गुंडाळून खाली येतं. मावशी रबरी बूट आणि अंगठ्याजवळ फाटलेले हातमोजे घालून त्या ढिगासमोर उभ्या राहायच्या आणि एकेक कापड मोजून वेगळं करायच्या. मोजल्याशिवाय त्यांनी कधी फडकंसुद्धा पाण्यात जाऊ दिलं नाही. त्या ढिगात त्यांना कात्र्या सापडायच्या, चिमटे सापडायचे, एकदा कुणाची तरी कवळी सापडली. प्रत्येक वस्तू त्या चिठ्ठी लावून वर पाठवायच्या. वरून आभाराचा शब्द कधी आला नाही. एकदा मात्र कात्रीला गंज चढल्याबद्दल बोलणी आली.

तेव्हा मावशी खिडकीतून मला म्हणाल्या, "भाऊ, हे लोक माणसं उघडतात आणि कात्री चादरीत विसरतात. आणि आपण त्यांना सर म्हणायचं."

मी हसलो. मला ती गंमत वाटली होती.

मावशींना बावन्नाव्या वर्षी रक्तस्रावाचा त्रास सुरू झाला. तपासण्या झाल्या आणि गर्भाशय काढायचं ठरलं. कर्मचाऱ्यांना आमच्याकडे सवलत असते, त्यामुळे दुसरीकडे जाण्याचा प्रश्नच नव्हता. शस्त्रक्रिया करणार होते मोठे सर. मोठे सर म्हणजे आमच्या रुग्णालयाची शान. दिवसाला सात-सात शस्त्रक्रिया उरकायचे. उरकायचे हाच शब्द बरोबर आहे. बोलताना समोरच्याकडे कमी आणि मनगटावरच्या घड्याळाकडे जास्त बघायचे. मावशींना ते म्हणाले, "तासाभराचं काम आहे, मावशी. काही घाबरू नका." मावशींचा नवरा वीजमीटरची नोंद घेण्याच्या कामावरून निवृत्त झालेला साधा माणूस. तो त्या एका वाक्यानं इतका भारावला की दाराबाहेर पडेपर्यंत मान वर करेना.

एका बुधवारी, दोन नंबरच्या थिएटरात, सहाव्या क्रमांकावर मावशींची शस्त्रक्रिया झाली. ती यशस्वी झाली असं कागदावर लिहिलेलं आहे. तो कागद अजून आहे.

आता माझ्याबद्दल सांगायला हवं. पोटाच्या शस्त्रक्रियेत रक्त टिपायला जाड सुती कापडाचे चौकोनी रुमाल वापरतात, त्यांना मॉप म्हणतात. त्या काळी आमच्याकडे ते धुऊन, वाफेवर निर्जंतुक करून पुन्हा वापरायचे. प्रत्येक शस्त्रक्रियेला मी बारा-बाराची दोन गाठोडी द्यायचो, शस्त्रक्रियेचा क्रमांक लिहून. चोवीस गेले की धुलाईतून चोवीस परत यायला हवेत. त्या बुधवारच्या सहाव्या क्रमांकाचे तेवीस आले.

मी नियमाप्रमाणे धुलाई विभागाला पत्र टाइप केलं. अमुक तारखेस, थिएटर क्रमांक दोन, शस्त्रक्रिया क्रमांक सहा, एक मॉप कमी आढळला, तरी तीन दिवसांत लेखी खुलासा करावा. खाली माझी सही. सहावा क्रमांक कुणाचा होता हे मी पाहिलं नाही. पाहायला दोन मिनिटं लागली असती. पण मॉप कुठं गेला हा माझ्या लेखी कापडाचा प्रश्न होता, माणसाचा नव्हता.

मावशी सहा आठवड्यांनी कामावर आल्या, तेव्हा ते पत्र त्यांच्या टेबलावर पडून होतं. आपली शस्त्रक्रिया कितव्या क्रमांकाची होती हे रुग्णाला कुणी सांगत नाही, तेव्हा त्यांनाही ते माहीत नव्हतं. त्यांनी त्याच दिवशी स्वतःच्या अक्षरात उत्तर दिलं. थिएटरच्या सिस्टरांच्या चिठ्ठीवर तेवीस लिहिलेत, आमच्याकडे तेवीस आले, आम्ही तेवीस धुतले, पुढचं थिएटरला विचारावं. मी थिएटरला विचारलं. दोनदा स्मरणपत्र पाठवलं. मोठ्या सरांच्या थिएटरातून भांडाराच्या कारकुनाला उत्तर येत नसतं. वर्षअखेरीला मी वहीत 'एक मॉप निर्लेखित' अशी नोंद केली. म्हणजे तो मॉप आता या जगात नाही असं सरकारी भाषेत ठरवलं आणि प्रकरण मिटवून टाकलं.

मॉप जगातच होता. मावशींच्या पोटात.

दुसऱ्या महिन्यापासून त्यांचं पोट दुखायला लागलं. संध्याकाळी बारीक ताप यायचा. मोठे सर म्हणाले, वायू आहे. चौथ्या महिन्यात जेवण जाईना, अंगावरचे कपडे सैल झाले. मोठे सर म्हणाले, वय झालं, आता असं व्हायचंच. सातव्या महिन्यात मावशींच्या स्वतःच्या हाताला बेंबीच्या डाव्या बाजूला गोळा लागायला लागला. सरांनी दोन बोटांनी दाबून पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि सांगितलं की आतला टाका घट्ट झालाय.

"सर, टाका एवढा मोठा असतो?" मावशींनी विचारलं.

"मावशी, तुम्ही फार मनाला लावून घेता," असं म्हणून त्यांनी मनोविकाराच्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी लिहून दिली.

त्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. गोळ्यांनी मावशींना दिवसभर गुंगी यायची. एकदा इस्त्रीच्या गरम रुळात त्यांचा हात जाता जाता वाचला. शेजारच्या बाईनं बटण दाबलं म्हणून. त्या दिवशी त्यांनी गोळ्यांची पुडी माझ्यासमोर कचऱ्यात टाकली. घरी नवऱ्याची समजूत निराळीच होती. एवढे मोठे डॉक्टर सांगतायत ते काय उगाच, असं तो म्हणायचा. मावशी म्हणाल्या, "भाऊ, आमच्या घरातला माणूस आयुष्यभर दुसऱ्यांच्या भिंतीवरचे आकडे वाचत फिरला. समोर बायको वाळत चाललीय ते त्याला वाचता येत नाही."

अकराव्या महिन्यात त्यांच्या मुलीनं कुणाचंच न ऐकता त्यांना शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका लहानशा दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पोटाला हात लावला, तपासणीच्या यंत्रात घातलं आणि पाऊण तासात सांगितलं की आत काहीतरी कापड आहे. अकरा महिने, एक शान, एक मनोविकारतज्ज्ञ, आणि लागला पाऊण तास.

पोट पुन्हा उघडलं. मॉप आतड्याला चिकटून कुजला होता. त्याच्याबरोबर दोन वीत आतडंही कापून काढावं लागलं. पण कोपऱ्यावरची लाल दोऱ्याची खूण शाबूत होती. ती खूण आमच्याच रुग्णालयाची. डॉक्टरीणबाईंनी फोटो काढले आणि तो मॉप बरणीत घालून, मोहोर लावून ठेवला.

चार दिवसांनी मावशींची मुलगी माझ्या खिडकीशी आली. ती एका पतपेढीत नोकरीला होती, मोजकं बोलणारी.

"आईनं निरोप दिलाय," ती म्हणाली. "तुमचा एक मॉप सापडला, नोंद करून घ्या म्हणाली."

मला आधी कळलंच नाही. मग तिनं सगळं सांगितलं. ती गेल्यावर मी ती फाईल काढली आणि त्या बुधवारची यादी मागवून घेतली. सहावा क्रमांक. मावशींचं पूर्ण नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं.

तासाभरात व्यवस्थापकांनी मला बोलावलं. त्यांच्याकडे बातमी आधीच पोचली होती. त्यांनी मला बसायला सांगितलं, जे पूर्वी कधी सांगितलं नव्हतं, आणि स्वतःच्या हातानं चहाचा कप पुढे केला.

"ते पत्र पाठवलं होतंत ना तुम्ही, त्याची स्थळप्रत कुठंय?"

"फाईलमध्ये."

"फाईलमध्ये कशाला हवीय ती?"

बस, एवढंच. फाडा असं ते म्हणाले नाहीत. धमकी दिली नाही, आमिष दाखवलं नाही. मी खाली आलो, स्थळप्रत काढली, खिशात घातली आणि घरी जाऊन तिचे तुकडे केले. मोठ्या लोकांना कधी विकत घ्यावंच लागत नाही. आमच्यासारखे त्यांना फुकट मिळतात.

मग व्यवस्थापक फळांची टोपली घेऊन मावशींच्या घरी गेले. टोपलीत फळांखाली एक कागद होता, सही करण्यासाठी. झाला प्रकार दुर्दैवी असून आमची कुणाविरुद्धही तक्रार नाही. "आपण सगळी घरचीच माणसं, मावशी," व्यवस्थापक म्हणाले.

मावशी अंथरुणावर पडूनच म्हणाल्या, "घरची माणसं पोटात फडकी ठेवत नाहीत." आणि मुलीला म्हणाल्या, "टोपली त्यांच्या गाडीत ठेवून ये. कागद राहू दे आपल्याकडे."

तो कागद पुढे वकीलबाईंच्या फार कामी आला. वकीलबाई चाळिशीच्या होत्या, हळू आवाजात बोलणाऱ्या. त्यांनी दावा तयार करताना एक गोष्ट विचारली. रुग्णालयानं तोवर थिएटरच्या सिस्टरांना निलंबित करून सगळं खापर त्यांच्यावर फोडलं होतं. सिस्टर गरीब होत्या, घरी आजारी सासू होती. त्यांना दाव्यातून वगळायचं का?

मावशींनी विचारलं, "थिएटरच्या कागदावर मोजणी चोवीस बरोबर असं कुणी लिहिलं?"

"सिस्टरांनी."

"आणि माझ्याकडे आलेल्या चिठ्ठीवर तेवीस?"

"तेही त्यांनीच."

"मग घाला त्यांचं नाव. मी एकोणतीस वर्षांत तेविसाला चोवीस लिहिलं नाही. मलाही वरून दम देणारे होतेच."

मुलीला ते कठोर वाटलं. मलाही वाटलं, पण माझ्या वाटण्याला काय किंमत होती.

दावा चार वर्षं चालला. रुग्णालयाचं म्हणणं दर तारखेला बदलायचं. आधी म्हणाले, मॉप आमचा नाहीच. लाल खूण दाखवल्यावर म्हणाले, बाई धुलाईतच काम करते, तिला आमचा मॉप मिळवणं काय अवघड. म्हणजे तिनं मॉप स्वतःच पोटात घातला की काय हे मात्र त्यांचे वकील स्पष्ट करेनात. मग एक तज्ज्ञ आणला. मऊ आवाजाचा, सोनेरी काड्यांचा चष्मा. तो म्हणाला की हे जगभर घडतं, चांगल्या हातांकडूनही घडतं. वकीलबाईंनी विचारलं, अकरा महिने रुग्णाला वेडं ठरवणं हेही जगभर घडतं का? तज्ज्ञानं चष्मा पुसला.

मोठे सर साक्षीला आले तेव्हा न्यायालयातसुद्धा घड्याळाकडे बघत होते. मॉप मोजणं हे सर्जनचं काम नाही, असं त्यांनी ठासून सांगितलं.

"पोट बंद करायला कोण सांगतं?" वकीलबाईंनी विचारलं.

"मीच करतो."

"मोजणी झाल्यावर?"

"सिस्टर सांगतात. मी त्यांच्यावर विश्वास ठेवतो."

मग सिस्टर उभ्या राहिल्या. खाली बघून, एका दमात त्यांनी सांगितलं की त्या दिवशी त्या म्हणाल्या होत्या, सर, एक कमी आहे. दोनदा म्हणाल्या होत्या. "सर म्हणाले, मोजता येत नसेल तर शाळेत जा. बाहेर सातवा रुग्ण तयार होता. सगळे हसले. मग मी चोवीस लिहिलं."

त्या हसणाऱ्यांत भूलतज्ज्ञ होते, दोन शिकाऊ डॉक्टर होते. त्यांतल्या एकालाही नंतर ते आठवलं नाही.

मावशींनी माझं मूळ पत्र जपून ठेवलं होतं. ते पुढे आलं तेव्हा रुग्णालयाचे वकील म्हणाले, बनावट आहे, आमच्या फाईलमध्ये याची प्रत नाही. म्हणून मला बोलावलं. आदल्या दिवशी व्यवस्थापकांनी पुन्हा चहा पाजला होता आणि सांगितलं होतं, एवढ्या जुन्या गोष्टी कुणाला आठवतात. पण त्या पत्राची नोंद जावक वहीत होती, तिची पानं छापील क्रमांकांची असतात आणि त्यातलं एक फाडलं तर सगळ्या रुग्णालयाला कळतं. ती वही वकीलबाईंनी आधीच मागवून घेतली होती. तेव्हा मी सही माझी आहे असं सांगितलं. कुणी याला धैर्य म्हणू नये. दुसरी वाट नव्हती.

"मग स्थळप्रत कुठं आहे?" न्यायाधीशांनी विचारलं.

"मिळत नाही."

"मिळत नाही, की काढली?"

मी पाणी मागितलं. पाणी प्यायलो आणि पुन्हा म्हणालो, "मिळत नाही." न्यायाधीशांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि काहीतरी लिहिलं. काय लिहिलं असेल ते मला ठाऊक आहे.

बाहेर बाकावर मावशी बसल्या होत्या. अंगानं निम्म्या झाल्या होत्या, मांडीवर पाण्याची बाटली, कारण त्यांना दर थोड्या वेळानं घोटभर प्यावं लागायचं. मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"खरं बोललात म्हणून आभार मानायचे का, साहेब?" त्यांनी विचारलं.

एकोणतीस वर्षं मी त्यांचा भाऊ होतो. त्या दिवसापासून साहेब झालो. त्या ज्या सुरात डॉक्टरांना सर म्हणायच्या, तोच सूर होता.

निकाल मावशींच्या बाजूनं लागला. भरपाई विमा कंपनीनं दिली, मोठ्या सरांच्या खिशाला हातही लागला नाही. सिस्टरांची नोकरी गेली. मावशींना तब्येतीच्या कारणावरून आधीच घरी बसवलं होतं. मोठे सर दोन वर्षांनी संचालक झाले. पुढे रुग्णालयानं रुग्णसुरक्षा सप्ताह साजरा केला, तेव्हा उद्घाटनाचं भाषण त्यांनीच केलं. विषय होता, चुकांतून शिकणं. मी तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. सगळेच वाजवत होते.

न्यायालयानं रुग्णालयाला माफीचं पत्रही लिहायला लावलं होतं. ते तीन ओळींचं आलं. आपणांस झालेल्या गैरसोयीबद्दल रुग्णालय दिलगीर आहे. मुलीनं ते वाचून दाखवलं. मावशींनी पुन्हा वाचायला सांगितलं.

"गैरसोय बस चुकली की होते," त्या म्हणाल्या. "असू दे. त्यांना याहून मोठा शब्द माहीत नसेल."

हे मला त्यांच्या मुलीकडून कळलं. मावशींशी माझं बोलणं त्यानंतर एकदाच झालं, गेल्या वर्षी, औषधाच्या दुकानात. मी निवृत्तीला आलो होतो. त्या काउंटरशी उभ्या राहून औषधाच्या पाकिटावरची तारीख चष्म्याशिवाय वाचत होत्या आणि दुकानदाराला परत करत होत्या, कारण मुदत दोनच महिने उरली होती. मला पाहून त्यांनी मान हलवली.

"तुम्ही इकडं कुठं, साहेब?"

"हर्नियाचं ऑपरेशन आहे पुढच्या सोमवारी. त्याआधीची औषधं."

"कुठं?"

"आपल्याकडंच. सवलत आहे ना, निवृत्त व्हायच्या आत करून घ्यावं म्हटलं."

"कोण करतंय?"

मी पाकिटात पैसे शोधायला लागलो. खोटं बोलता आलं असतं, पण त्यांच्यासमोर ते आता जमत नाही.

"मोठे सर," मी म्हणालो. "त्यांनी स्वतःहून सांगितलं. नाही कसं म्हणणार? आणि हात चांगला आहे त्यांचा."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. फाटलेली चादर उजेडापुढे धरून ती अजून वापरता येईल का हे बघतात, तसं.

"हात चांगलाच आहे," त्या म्हणाल्या. "हाताबद्दल मी कधी काही बोललेच नव्हते." दुकानदारानं नवं पाकीट आणून ठेवलं. त्यांनी त्याचीही तारीख बघितली, पैसे दिले आणि निघाल्या. दारात थांबून त्यांनी विचारलं, "घरी कोणी आहे ना जवळ बसायला?"

"भाची येणार आहे."

"बरं," म्हणाल्या आणि पायऱ्या उतरून गेल्या, सावकाश, कठड्याला धरून.

सोमवारी माझी शस्त्रक्रिया झाली. मोठ्या सरांनी पाऊण तासात आटोपली. जखम आठ दिवसांत भरली, कसलाही त्रास झाला नाही. आता मी पूर्वीसारखा चालतो, फिरतो, पिशव्या उचलतो. लोक विचारतात कुणी केलं, आणि मी नाव सांगतो.